स्टूल काउंटरच्या अलीकडं

मे महिन्यातला सोमवार होता. चाकूरच्या एका बँकेत सकाळी पावणेदहाला मी कॉलेजचं पत्र, नवी वही आणि दोन पेनं घेऊन हजर झाले. शटर अर्धंच वर गेलं होतं आणि बाहेर चाळीसेक माणसं उभी होती. कोणी नळेगावचं, कोणी चापोलीचं, कोणी वडवळहून पहिल्या गाडीनं आलेलं. साहेबांनी पत्र वाचलं, टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि म्हणाले, "कम्प्युटरला हात लावायचा नाही. कॅशच्या केबिनकडं जायचं नाही. तिथं स्लिपांच्या टेबलापाशी स्टूल घेऊन बस." ते टेबल काउंटरच्या अलीकडं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या बाजूला. एम.कॉम.च्या पोरीला स्लिपा भरायला बसवलं म्हणून मी दिवसभर फुगून बसले. त्या शाखेत शिकण्यासारखी सगळ्यांत चांगली जागा तीच होती, हे कळायला दुसरा आठवडा उजाडावा लागला. तुम्ही पुढच्या उन्हाळ्यात बँकेत इंटर्नशिप करणार असाल, तर पहिला सल्ला हाच: स्टूल मागून घ्या, आणि ते अलीकडं ठेवा.

आता थोडं कागदाचं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही एम.ए., एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं आहे. चार क्रेडिटचं. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. शाखेत रोज सहा तास बसलात तर वीस दिवस लागतात. पण दुसरा-चौथा शनिवार, रविवार, महाराष्ट्र दिन, बुद्धपौर्णिमा हे सगळं वजा करा आणि पूर्ण महिना धरा. लातूरकडं उन्हाळा म्हणजे नीटच्या पोरांचा. सगळ्या चौकांत त्यांचेच फलक, घरोघरी त्यांचीच चर्चा. कॉमर्सच्या मुलांनी उन्हाळ्यात काय करावं हे सांगायला कोणी नसतं, म्हणून हा लेख.

जागा मिळवण्याची धावपळ जानेवारीतच करा. मार्चमध्ये कोणत्याही शाखाधिकाऱ्याला भेटायला जाऊ नका. वर्षअखेर असते, वसुलीचं लक्ष्य असतं, तुमच्याकडं कोणी मान वर करून बघणार नाही. सरकारी बँकेच्या शाखेत साहेबांना स्वतःच्या मनानं 'ये' म्हणता येतंच असं नाही. विभागीय कार्यालयाची परवानगी लागते, आणि त्या पत्राला आठवडे जातात. कॉलेजच्या पत्रात तारखा, तासांची संख्या, मार्गदर्शक प्राध्यापकांचं नाव आणि 'कोणत्याही मानधनाची अपेक्षा नाही' हे वाक्य असू द्या. शेवटचं वाक्य कडू आहे, पण त्यानं काम लवकर होतं. पत्र घेऊन जायचं तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नको, तेव्हा पेन्शनची गर्दी असते. सोमवारी तर नकोच. माझ्यासारखं करू नका. दुपारी साडेतीननंतर जा, शर्ट-पँट किंवा साधा ड्रेस घालून, आणि दारातल्या दप्तरीमामांना आधी नमस्कार करा. शाखेत कोणता कागद कोणत्या कपाटात आहे हे साहेबांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

राष्ट्रीयीकृत बँकेत जागा मिळाली नाही म्हणून हिरमुसू नका. जिल्हा मध्यवर्ती बँक आहे, ग्रामीण बँक आहे, नागरी सहकारी बँका आहेत, पतसंस्था आहेत. खरं सांगायचं तर हिशेब शिकायचा असेल तर पतसंस्था बरी. छोट्या संस्थेत रोजकीर्द, खतावणी, तेरीज डोळ्यांसमोर घडताना दिसते. मोठ्या बँकेत ते सगळं मशिनच्या पोटात होतं आणि आपल्याला फक्त संध्याकाळी 'टॅली झालं' एवढं ऐकू येतं. मात्र पतसंस्थेत गेलात तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बँकेतल्या ठेवीला ठेवीदारामागं पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, ते पतसंस्थेच्या ठेवीला नाही. त्यामुळं ओळखीच्या माणसाला 'इथं ठेव ठेवा' असं सांगायच्या भानगडीत पडू नका. दुसरं, कोणी पिग्मी गोळा करायला पाठवलं तर नम्रपणे नाही म्हणा. शिकाऊ माणसाच्या हातात दुसऱ्याची रोकड नसावी. आणि दोन-तीन हजार रुपये घेऊन घरबसल्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र देणारे भेटतात, त्यांना दारातूनच वाटेला लावा. तोंडी परीक्षेत तिसऱ्या प्रश्नाला तो कागद उघडा पडतो.

आता स्टुलाकडं येऊ. मे-जूनमध्ये चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी बँकेत बसणं आणि त्याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या शाखेत बसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मृगाच्या आधी आपल्याकडं बँकेत एकच शब्द फिरत असतो: नवंजुनं. "नवंजुनं केलं का?" "यंदा नवंजुनं करायचंय." पुस्तकात याला नूतनीकरण म्हणतात. गेल्या साली घेतलेलं पीककर्ज व्याजासह भरायचं आणि नव्या हंगामासाठी पुन्हा उचलायचं. वेळेवर नवंजुनं करणाऱ्याचा फायदा मोठा असतो: केंद्राची तीन टक्के व्याजसवलत मिळते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की ही सवलत गेली. त्यामुळं सोयाबीन पडेल भावानं विकलेला शेतकरीसुद्धा मुदतीच्या आत कुठून तरी पैसे उभे करतो. कुठून, हे स्टुलावर बसल्यावर कळतं. बऱ्याचदा दोन-चार दिवसांसाठी कोणाकडून तरी रक्कम आणलेली असते, शेकड्यामागं काहीतरी ठरलेलं असतं, आणि तो देणारा कधी कधी बँकेच्या बाहेर गाडीवर बसून वाट बघत असतो. बँकेच्या खात्यात मात्र हे कर्ज स्वच्छ, वेळेवर फेडलेलं दिसतं. काउंटरच्या पलीकडं बसले असते तर मला फक्त ती स्वच्छ नोंद दिसली असती.

स्टुलावर बसायचं तर सातबारा वाचता आला पाहिजे. शेतकऱ्याच्या घरातली असूनही मला तो येत नव्हता, हे कबूल करते. जायच्या आधी रविवारी आपल्याच घरचा सातबारा काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. वडिलांना शेजारी बसवा आणि एकेक रकाना विचारा. गाव नमुना सात म्हणजे हक्काची बाजू, बारा म्हणजे पिकांची. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, तर माणसं बोलतात एकर-गुंठ्यांत. साधारण चाळीस आर म्हणजे एक एकर, एवढं तोंडपाठ ठेवा. पोटखराब क्षेत्र वेगळं. भोगवटादाराच्या नावापुढं सामाईक नावं किती आहेत ते बघा, कारण भावाभावांत वाटणी झालेली नसली की कर्जाचं प्रकरण तिथंच अडकतं. आणि सगळ्यांत आधी नजर टाकायची ती 'इतर अधिकार' या रकान्यावर. बँकेचा बोजा तिथं दिसतो. कर्ज फिटून सालं उलटली तरी बोजा उतरवलेला नाही, असे उतारे मी किती तरी पाहिले. बँकेनं बेबाकी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, दिला होता, पण तो कागद घरात पत्र्याच्या पेटीत पडून होता, तलाठ्याकडं पोहोचलाच नव्हता. सोबत आठ अ लागतो, त्यात एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. हे दोन कागद वाचता आले की फिल्ड ऑफिसर तुम्हाला स्वतःहून जवळ बोलावतात. मला दहाव्या दिवशी बोलावलं.

पीककर्जाची मर्यादा कशी काढतात हेही त्यांच्याकडूनच शिकून घ्या, पुस्तकावर भागवू नका. कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं हा दर जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते. समजा दर ६० हजार आहे आणि क्षेत्र १.२० हेक्टर. झाले ७२ हजार. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमाप्रमाणं त्यावर दहा टक्के घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी, म्हणजे ७,२००, आणि वीस टक्के शेतीच्या औजार-दुरुस्तीसाठी, म्हणजे १४,४००. पहिल्या वर्षाची मर्यादा झाली ९३,६००, पीकविम्याचा हप्ता वेगळा. हा ६०चा आकडा मी समजुतीसाठी घेतलाय, तुमच्या साली समितीचा दर काय आहे ते शाखेत विचारा. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला १ जानेवारी २०२५ पासून तारण मागायचं नाही, त्याआधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. त्यावर गेलं की गहाणखत, पॅनलच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट हे सुरू होतं. आणि थकबाकीचा हिशेबही वेगळा: दुकानदाराच्या मुदतकर्जाचा हप्ता ९० दिवसांवर थकला की ते खातं एनपीए, पण सोयाबीन-तुरीसारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज देय तारखेनंतर दोन हंगाम थकल्यावर एनपीए. वर्गात ९० दिवस पाठ करून गेलेली मी या एका गोष्टीवर फिल्ड ऑफिसरशी वाद घालून बसले होते. त्यांनी परिपत्रकाची प्रतच पुढं ठेवली.

"कर्जमाफी कधी होणार?" हा प्रश्न तुम्हाला दिवसातून पाच वेळा ऐकू येईल. २०१७ आणि २०१९ च्या योजना लोकांच्या ध्यानात आहेत. त्यावर तुम्ही काहीही बोलायचं नाही. 'होईल' नाही, 'होणार नाही'सुद्धा नाही. तुमच्या एका वाक्यावर कोणी हप्ता थांबवू शकतो.

दुसरी मोठी गर्दी पैसे आले का हे विचारणाऱ्यांची. लाडक्या बहिणीचे दीड हजार, पीएम किसान आणि नमो शेतकरीचे दोन-दोन हजार. इथं तुम्ही खरंच उपयोगी पडू शकता, फक्त एक फरक नीट समजून घ्या. खात्याला आधार 'जोडलेलं' असणं वेगळं आणि त्या खात्यात शासनाचे पैसे येण्यासाठी आधार 'सीडिंग' झालेलं असणं वेगळं. एका बाईची तीन बँकांत खाती असली, तरी थेट लाभाचे पैसे जातात एकाच खात्यात, ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालं तिथं. बाई इथं रांगेत, पैसे तिथं दुसऱ्याच बँकेत. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. ओटीपी त्या बाईच्याच मोबाइलवर येतो आणि तो तिनंच टाकायचा, तुम्ही फोन हातात घ्यायचा नाही. "तूच टाक की पोरी, मला कुठं दिसायलंय" असं आजी म्हणतील. शेजारी बसा, एकेक आकडा त्यांच्याकडून दाबून घ्या. वेळ लागतो. लागू द्या.

स्लिप भरणं तुम्हाला क्षुल्लक वाटेल, तर माझी फजिती ऐका. एका आबांनी रक्कम सांगितली, मी अक्षरी लिहिलं 'एकोणसाठ हजार' आणि आकड्यात लिहिलं ६९,०००. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत अंक फिरवता फिरवता आपली पिढी एकोण-च्या आकड्यांत हमखास घसरते. कॅशियरनं स्लिप परत फेकली. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, एकोणसत्तर असते तर अजून एक खत आणलं नसतं का मी?" त्या रात्री मी एकोणीस ते एकोणनव्वद वहीत दहा वेळा लिहून काढले. तुम्हीही काढा, लाजू नका. अंगठा लावणाऱ्या खातेदारांच्या स्लिपेवर साक्षीदार म्हणून सही मात्र कधीही करू नका, माणूस कितीही ओळखीचा असो.

गावातल्या बँकेतली सगळ्यांत अवघड गोष्ट कुठली विचाराल तर मी म्हणेन, तोंड बंद ठेवणं. मुंबईत रांगेतला माणूस अनोळखी असतो. चाकूरला तो आपला चुलता, वर्गमित्राचा बाप, नाहीतर पाव्हण्याचा पाव्हणा असतो. पहिल्याच आठवड्यात जेवताना मी आईला म्हटलं, शेजारच्या काकांचं कर्ज थकलंय वाटतं. तिसऱ्या दिवशी तेच काका स्लिपांच्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, आमचं नाव पारावर कसं गेलं गं?" माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. ते साहेबांकडं गेले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून घरी आल्यावर बँकेतलं एकही नाव काढायचं नाही, असा नियम केला. तुम्ही तो पहिल्या दिवसापासून करा. कोणाच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा नाही, पासबुकातली शिल्लक मोठ्यानं वाचायची नाही, आणि गर्दीत कोणी कर्मचाऱ्यानं 'माझ्या लॉगिनवर एवढं टाक' म्हटलं तरी हात पुढं करायचा नाही. बँकेत एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची, ही सगळ्या व्यवहाराची चौकट आहे. तुम्ही त्यात कुठंच बसत नाही.

दुपारी कधी तरी लिंक जाते. सगळे वैतागतात, रांग बसकण मारते, पंख्याखाली जागा शोधली जाते. तुमच्यासाठी हा सोन्याचा तास. कर्मचारी मोकळे असतात, चहा येतो, आणि जे प्रश्न सकाळी विचारले असते तर ओरडा बसला असता ते आता विचारता येतात. मी क्लिअरिंग, बचत गटांची खाती आणि निष्क्रिय खाती या तिन्ही गोष्टी लिंक नसताना शिकले. दोन वर्षं खातेदारानं काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही. बँकेत अर्ज केला की ती परत मिळते. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' संकेतस्थळावर अशा ठेवी नावानं शोधता येतात. हे मला कामाला आलं ते एका म्हाताऱ्या बाईमुळं. त्यांनी पिशवीतून जुनं पासबुक काढलं आणि विचारलं, "हैदराबाद बँक कुठं गेली?" स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, पण आपल्याकडची जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. निजामाच्या काळात, १९४१ साली सुरू झालेली ती बँक मराठवाड्याच्या तोंडातून सहजी जाणार नाही. ग्रामीण बँकेचंही तसंच. नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ साली सुरू झाली. पुढं ती महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आणि १ मे २०२५ ला विदर्भ-कोकणची ग्रामीण बँकही तीत मिसळली. लोक जुनं नाव सांगतात, कागदावर नवं असतं, आणि दोन्हींची सांगड घालून माणसाला योग्य दारात पाठवणं हे स्टुलावरच्या माणसाचं काम.

यातूनच अहवालाचा विषय काढा. 'भारतातील बँकिंगचा इतिहास' अशी वीस पानं उतरवून देऊ नका, परीक्षकांनी ती पन्नास वेळा पाहिलेली असतात. वहीच्या पानावर रोज चार रकाने आखा: कोण कशासाठी आलं, काम झालं का, नाही तर कोणत्या कागदावाचून अडलं, किती वेळा यावं लागलं. नाव लिहायचं नाही, फक्त रेघ मारायची. वीस दिवसांत तुमच्याकडं असं काहीतरी जमेल जे त्या शाखेच्या साहेबांकडंही नसेल. माझ्या रेघांत कर्ज मागायला किंवा ठेव ठेवायला आलेल्यांपेक्षा नुसतं काहीतरी विचारायला आलेल्यांचा रकाना दाट भरला होता. साहेबांनी ते पान मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी 'पीककर्जाला लागणारे कागद' अशी मराठी यादी दाराशी चिकटवायला लावली. अक्षर माझं.

ज्यांना मोठी उडी मारायची आहे त्यांच्यासाठी: रिझर्व्ह बँक दर उन्हाळ्यात देशभरातून जास्तीत जास्त १२५ विद्यार्थी घेते, महिन्याला २० हजार रुपये देते. वाणिज्य, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यवस्थापन यांत पदव्युत्तर शिकणाऱ्यांना अर्ज करता येतो. अर्जाचे दिवस साधारण १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर, म्हणजे आपल्याकडं दिवाळीच्या आसपास, आणि तिथंच आपली मुलं चुकतात. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पूर्णवेळ शिकत असलेल्यांसाठी नाही, शिक्षण झाल्यावर बघा. बँकांची अप्रेंटिसशिपही पदवीनंतरची, वर्षभराची. तिथं स्थानिक भाषेची चाचणी असते, आणि दहावी-बारावीला मराठी विषय असल्याची गुणपत्रिका दाखवली की स्टेट बँकेसारख्या ठिकाणी ती माफ होते. ती गुणपत्रिका जपून ठेवा.

खर्चाचं बोलायचं तर पगार मिळत नाही हे धरूनच चला. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, डबा घरचा. पाण्याची मोठी बाटली न्या, मे महिन्यात शाखेतला माठ अकरालाच रिकामा होतो.

शेवटची गोष्ट सहीची. बँकेत अधिकाऱ्यांच्या बदल्या बऱ्याचदा याच दिवसांत होतात. माझे साहेब माझे तास पूर्ण व्हायला दोन दिवस असताना बदलून गेले. नव्या साहेबांनी मला ओळखायचं काही कारण नव्हतं. प्रमाणपत्रासाठी मी चार चकरा मारल्या, आणि शेवटी कामी आली ती वही. त्यात प्रत्येक दिवसाची तारीख, आल्या-गेल्याची वेळ आणि फिल्ड ऑफिसरची छोटी सही होती, कारण दप्तरीमामांनी दुसऱ्याच दिवशी मला सांगून ठेवलं होतं, "रोजची सही रोज घे बाई, म्हैनाअखेर कोन कुठं असतंय." नव्या साहेबांनी वही शेवटच्या पानापर्यंत चाळली, तास स्वतः मोजले, १२० भरले तेव्हा शिक्का मारला.